नोन्नाच्या परसातला शनिवार

नमस्कार श्रोतेहो.

मेलबर्नच्या उत्तरेला कोबर्ग नावाचं उपनगर आहे. तिथे फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आमच्या शेजारच्या परसात सकाळी सहालाच घमेल्यांचा आवाज सुरू होतो. फेब्रुवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा, टोमॅटोचा हंगाम. शेजारचं कुटुंब इटालियन. दक्षिण इटलीतल्या कालाब्रियातून आलेली आजी, तिचा मुलगा, ऑस्ट्रेलियन सून आणि दोन नातवंडं. नात नऊ वर्षांची, नातू सहाचा. वर्षभर पुरेल एवढा टोमॅटोचा गाळलेला रस, ज्याला ते पासाता म्हणतात, एका दिवसात बाटल्यांत भरायचा असतो. आपल्याकडे कुरडया-पापडांचा दिवस असायचा ना, तसाच. त्यातून घरातलं कुणी सुटत नाही, आणि कुंपणावरून डोकावणारी शेजारीणही सुटत नाही.

आजीला इटालियनमध्ये नोन्ना म्हणतात. नोन्ना हुकूम सोडते, मुलगा यंत्राचा दांडा फिरवतो, नात टोमॅटो चिरते. नातवाकडे मानाचं काम: प्रत्येक बाटलीत तुळशीच्या जातीतल्या बाझिलिकोचं एक पान टाकायचं. त्याने दोन टाकली की नोन्ना ओरडते, "ऊना सोला!" एकच! मध्येच "पियानो, पियानो" चालू असतं. पहिल्या वर्षी मला वाटलं, संध्याकाळी गाण्याबिण्याचा कार्यक्रम आहे. नंतर कळलं, पियानो म्हणजे हळू, सांभाळून. मग बाटल्या चिंध्यांत गुंडाळून जुन्या लोखंडी पिंपात रचायच्या, पाणी भरायचं आणि खाली जाळ घालायचा.

या दिवसभरात त्या पोरांच्या कानावर आणि जिभेवर जेवढं इटालियन पडतं, तेवढं वर्गात बसून पडत नाही, असं माझं मत झालंय. कारण साधं आहे. नोन्नाचं इंग्रजी बाजारापुरतं. पान कुठल्या बाटलीत टाकायचं हे तिला विचारायचं, तर तिच्याच भाषेत विचारावं लागतं.

त्यांचे वडील मुलांशी इटालियनच बोलतात. पोरगी शाळेत जायला लागली आणि इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. आपल्या घरांतही हेच होतं आणि आपण तिथेच शस्त्रं खाली ठेवतो. हा गृहस्थ ऐकत राहिला आणि इटालियनमध्ये बोलत राहिला. शिवाय रात्री जेवणानंतर स्कोपाचा डाव. स्कोपा म्हणजे झाडू. चाळीस पानांचा खेळ, टेबलावरची सगळी पानं एकदम उचलली की झाडू मारला! पानं उचलायला आकडे जुळवावे लागतात, बेरजा कराव्या लागतात, त्यामुळे आकडे आपोआप पाठ. आमच्या मराठी मंडळातल्या किती मुलांना एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक कळतो, ते विचारू नका.

एकदा मात्र बिनसलं. मुलं शनिवारच्या इटालियन वर्गाला जायची. तिथे नातवाने टोमॅटोला नोन्नासारखं "पुमादोरू" म्हटलं. बाईंनी सुधारलं: "पोमोदोरो." इथवर ठीक. पण घरी निरोप आला की आजीने शुद्ध बोलावं, मुलांचा गोंधळ होतो. त्यानंतर नोन्ना नातवंडांशी तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायला लागली. पंधरा दिवस ते परस मुकं होतं.

मला माझी कुडाळची आजी आठवली. ती मालवणीत बोलायची आणि आम्हाला पुण्यात बजावलं होतं, असं बोलायचं नाही. आज मला मालवणी सगळी कळते, बोलायला गेले की जीभ वळत नाही. मी कुंपणापाशी जाऊन त्या सुनेला हे सांगितलं. नोन्ना जे बोलते ते बिघडलेलं इटालियन नव्हेच. १८६१ मध्ये इटली एक देश झाला, तेव्हा तुल्लिओ दे माउरो या भाषातज्ज्ञाच्या हिशेबाने शंभरात जेमतेम अडीच माणसांना आज ज्याला प्रमाण इटालियन म्हणतात ते येत होतं. बाकी सगळे आपापल्या मुलखाचं बोलत होते.

भाषा गिळून टाकण्याची सवय ऑस्ट्रेलियातल्या इटालियनांना आधीपासून होती. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इथल्या कितीतरी इटालियनांना छावण्यांत ठेवलं गेलं. व्हिक्टोरियातली टाटुराची छावणी त्यातलीच. त्या काळात रस्त्यात इटालियन बोलायची हिंमत कोण करणार? आता भीती नाही, पण माणसं म्हातारी झाली. २००१ च्या जनगणनेत घरी इटालियन बोलणारे साडेतीन लाखांवर होते, २०२१ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास उरले.

नुसत्या आजीवर भाषा पुरी होत नाही, हेही खरं. इटालियनमध्ये आपल्यासारखं तू आणि आपण आहे: "तू" म्हणजे तूच, मानाने बोलायचं तर "लेई". ही पोरं घरातच शिकलेली, म्हणून लायगन स्ट्रीटवरच्या पांढऱ्या केसांच्या इटालियन दुकानदाराला बिनदिक्कत अरे-तुरे करतात. तो हसतो. आपली परदेशातली नातवंडं शेजारच्या आजोबांना "तू बस" म्हणतात, त्यातलाच प्रकार.

एक गोष्ट आपल्या कानाला सोपी, इंग्रजी कानाला अवघड: जोडाक्षरं. "नोनो" म्हणजे नववा, "नोन्नो" म्हणजे आजोबा. कला आणि कल्ला यांतला फरक कळणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. सुनेला मात्र वर्ष लागलं.

आणि नोन्ना पुन्हा बोलती झाली. निरोप वर्गाच्या वहीतच राहिला. त्या वर्षी तिने मला पासाताची एक बाटली दिली. नातवाने भाषांतर केलं: "बाटली परत हवी आहे." आपल्यात रिकामं भांडं परत करत नाहीत, म्हणून मी बाटलीसोबत डबाभर चकल्या दिल्या. नोन्नाने नाव विचारलं, नातवाने मला विचारलं, मी सांगितलं. नोन्नाने एक मोडली, चावली आणि म्हणाली, "चाक्कली." क चांगला ठासून.

तेव्हापासून त्या घरात चाक्कलीच म्हणतात. आमच्याही.