बॉम्बे बीचचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात समुद्रसपाटीच्याही खाली एक छोटं गाव आहे, बॉम्बे बीच. समुद्र तिथून लांब. गाव आहे ते साल्टन सी नावाच्या तलावाच्या काठी. या तलावावर २००४ साली एक माहितीपट निघाला, ‘प्लेग्ज अँड प्लेझर्स ऑन द साल्टन सी’. निवेदन अमेरिकी सिनेदिग्दर्शक जॉन वॉटर्स यांचं, तेही खट्याळ. हसत हसत बघावा असा आहे. पण ठाणेकराला तो थोडा बोचतोच.

हा तलाव कुणी ठरवून बांधला नाही. कोलोरॅडो नदीचं पाणी शेतीला नेणारा कालवा १९०५ साली फुटला आणि नदीच त्या खोलगट वाळवंटात शिरली. भगदाड बुजवायला १९०७ उजाडलं, तोवर एवढं पाणी साठलं की लोक त्याला ‘सी’, समुद्रच, म्हणू लागले. पुढे १९५०-६०च्या काळात तिथे नुसती चंगळ! यॉट क्लब, बोटींच्या शर्यती, मासेमारी, आणि हो, प्लॉट विकणारे दलाल. रस्ते आखले, त्यांना नावं दिली, घरं मात्र थोडीच झाली. आपल्याकडे हे कुणाला नवीन वाटायचं कारण नाही.

मग बिघडलं कुठे? या तलावातून पाणी बाहेर पडायला वाटच नाही. आत येतं ते मुख्यतः शेतातून निथळलेलं, क्षार आणि खतं घेऊन. ऊन पाणी उडवतं, बाकी सगळं खाली राहतं. आज ते पॅसिफिक महासागरापेक्षा खारट आहे. खतांवर शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. १९९९च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात ७६ लाख मासे मेल्याचा अंदाज आहे.

आणि गंमत बघा, कसली गंमत म्हणा, हेच घाण पाणी तलावाला जगवतही होतं. २००३च्या करारानं शेतीचं पाणी सॅन दिएगो शहराकडे वळलं. भरपाई म्हणून तलावात सोडलं जाणारं पाणी २०१७ अखेर थांबलं. काठ मागे सरकला, तळ उघडा पडला, आणि आता वारा सुटला की तिथली धूळ लोकांच्या छातीत जाते. माहितीपटात हा शेवटचा अंक नाही, तो नंतर घडला.

आता आपल्याकडे या. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. एके काळी साठाहून जास्त तलाव होते, आता पस्तीसच्या आसपास उरलेत. मासुंदा, म्हणजे आपली तलावपाळी, तिथे कौपिनेश्वराचं दर्शन, बोटिंग, भेळ, सगळं असतं. उपवनलाही गर्दी असते. कठडे होतात, दिवे लागतात, कारंजी उडतात. तरी शहरातल्या एखाद्या तलावात मेलेले मासे तरंगल्याची बातमी येतेच. अशा तलावात पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. रात्रभर शेवाळ तो वापरतं, बनवत काहीच नाही. त्यात निर्माल्य आणि सांडपाणी पडलं की संपलंच.

मला कारंज्यांचा राग नाही, मुलांना ती आवडतात. पण आपण सगळा पैसा काठावर ओततो. विसर्जनासाठी कृत्रिम तलाव केले, ते मात्र नेमक्या जागी पडलेलं पाऊल होतं, कारण त्यानं तलावात जाणारी भर कमी झाली. तेव्हा पुढच्या सुशोभीकरणाच्या भूमिपूजनाला तुमचे नगरसेवक भेटले, की त्यांना एवढंच विचारा: साहेब, या तलावात पाणी येतं कुठून, आणि त्याच्यासोबत काय काय येतं?

नमस्कार.