उशिरा आलेला कॅमेरा

सर वॉल्टर स्कॉट १८३२ साली वारले. छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला तो १८३९ साली. म्हणजे अवघा युरोप ज्यांच्या कादंबऱ्या वाचत होता, त्या लेखकाचा चेहरा कॅमेऱ्याला कधी दिसलाच नाही.

१८४४ च्या ऑक्टोबरात कागदावर छायाचित्र उमटवण्याच्या कॅलोटाइप पद्धतीचे जनक हेन्री फॉक्स टॅल्बट स्कॉटलंडमध्ये हिंडले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी २३ चित्रांचा एक संग्रह काढला. त्यात स्कॉट यांचे अ‍ॅबट्सफर्डचे घर आहे, ड्रायबर्ग मठाच्या पडक्या भिंतींमधली त्यांची कबर आहे, एडिनबरोत उभे राहत असलेले त्यांचे स्मारकही आहे. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ते मात्र नाहीत. त्यांची उणीव भरून काढण्याचे काम दगडांवर सोपवलेले आहे.

दगडच का, याचे एक उत्तर अगदी व्यवहारातले आहे. त्या काळच्या कागदावर प्रतिमा उमटायला वेळ लागे. तेवढा वेळ माणसाला स्तब्ध राहणे जड जाई, स्मारकाला नाही. एडिनबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन या छायाचित्रकारांनी याच अडचणीतून अर्थ निर्माण केला. जुन्या, कोरीव थडग्यांच्या शेजारी त्यांनी जिवंत माणसे बसवली, कुणी रेखाटन करत असल्यासारखे, कुणी विचारात गढलेले. आणि न हलण्याच्या सक्तीमुळे ती माणसे स्वतःच थोडी पुतळ्यांसारखी झाली. कॅलोटाइपचा कागद खरखरीत, त्यामुळे दगडाच्या कडा मऊ होतात आणि शिळा व अंगरखा यांचा पोत जवळजवळ एक होतो. मृत्यूची आठवण करून देण्यासाठी कोरलेल्या कवटीपेक्षा हे साम्य मला अधिक अस्वस्थ करते.

टॅल्बट यांच्या चित्रातले स्कॉट स्मारक अजून अपुरे आहे; त्याचे उद्घाटन १५ ऑगस्ट १८४६ रोजी व्हायचे आहे. एरवी स्मारक म्हणजे काहीतरी संपल्याची खूण. इथे ते स्वतःच अजून घडते आहे.

त्याचा आराखडा करणारे जॉर्ज मिकल केम्प मूळचे सुतार. १८४४ च्या मार्चमध्ये, टॅल्बट तिथे पोहोचण्याच्या काही महिने आधी, ते कालव्यात बुडून मरण पावले. स्कॉट यांच्या वाट्याला ६१ मीटर उंचीचा मनोरा आला, छायाचित्र नाही. केम्प यांना मात्र हिल आणि अ‍ॅडमसन यांनी कॅमेऱ्यासमोर बसवले होते. त्यांचा चेहरा कागदावर टिकून आहे.