सोळा तासांचा हिशोब

अजनी, नागपूर. मे महिना, रात्रीचा सव्वा. रेल्वे कॉलनीतल्या एका लोको पायलटच्या, म्हणजे रेल्वे ड्रायव्हरच्या, घरात फोन वाजतो.

"उठा ना जी, लॉबीतून आहे."

पूर्वी कॉलबॉय वही घेऊन दारात यायचा, सही घेऊन जायचा. आता मोबाइल. कामगिरी तीच: मालगाडी, मध्य प्रदेशातल्या आमल्यापर्यंत.

लॉबीत, म्हणजे ड्रायव्हरांच्या हजेरीच्या ऑफिसात, आधी मशीनमध्ये फुंकायचं. प्यायलेला माणूस त्यात सापडतो. झोप झाली की नाही, हे मात्र उमटत नाही.

नियम सांगतो, आठ तास किंवा जास्त ड्युटी झाली, की मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, 16 तास विश्रांती. भरपूर वाटते ना? मोजून बघू. या लोको पायलटचं साइन ऑफ, म्हणजे ड्युटी संपल्याची नोंद, सकाळी नऊला झालं. घर, आंघोळ, जेवण यांत अकरा वाजले. बाहेर पारा 45 वर, सुट्टीतली पोरं अंगणात. दुपारी लाइन गेली, कूलर थांबला. झोप किती? चार तास धरा, तीही तुकड्यातुकड्यांत. रात्री एकला 16 तास भरले, सव्वाला फोन. माणसं पुरेशी असती, तर हीच गाडी दुसऱ्या कोणी नेली असती.

तुटवडा किती, हे रेल्वेच्याच जाहिरातीतून कळतं. 2024 च्या जानेवारीत सहायक लोको पायलटच्या 5,696 जागा निघाल्या. पुढे त्याच भरतीत त्या 18,799 झाल्या. तोवर गाड्या ओढायच्या कोणी? आहेत त्यांनीच. पंधरवड्यात 104 तासांवर काम गेलं की ओव्हरटाइम मिळतो, आणि पैसा कोणाला नकोय? पण लोको पायलटांच्या संघटनेची मागणी पैशाची नाही, आठवड्याला सलग 46 तासांची आहे: ट्रिपनंतरचे 16 आणि वर साप्ताहिक 30. आज ते 16 तीसातच जिरतात.

वाटेतलं काटोल स्टेशन मागे पडलं. साधारण मिनिटभर कशालाच हात लागला नाही, की इंजिनात दिवा लुकलुकतो, मग बझर, तरीही उत्तर नाही तर ब्रेक. सराईत हात ते बटण अर्धवट झोपेतही दाबतो, असं ड्रायव्हरच सांगतात.

नरखेडला गाडी लूपमध्ये, बाजूच्या रुळावर. एक्सप्रेसला वाट द्यायची आहे. समोर स्टार्टर, म्हणजे गाडी सुटण्याचा सिग्नल, लाल; बाहेर संत्र्याच्या बागांवर फटफटतंय. सहायक थर्मासचं झाकण फिरवतो. शेजारून एक्सप्रेस धडधडत जाते, तिच्यातले सगळे झोपलेले.

"स्टार्टर ग्रीन," सहायक म्हणतो.

उत्तर येत नाही. तो पुन्हा म्हणतो, जरा मोठ्यानं.

"ग्रीन."