दोन्ही अंगांचा ताण

श्रोतेहो, नमस्कार.

गुडघेदुखीची आजी ओपीडीत आली की खुर्चीत बसायच्या आधीच सांगते, "डॉक्टर, वाटी झिजलीय, बदलून टाका." आपल्याकडे गुडघ्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला 'वाटी बदलणं' हेच नाव पडलंय. खरं तर समोरची वाटी पुष्कळदा तिची तिचीच राहते. बदलतो ते आतले पृष्ठभाग. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची पाटी आणि दोहोंमध्ये चिवट प्लास्टिकची चकती. एवढं चित्र काढून दाखवता येतं. चित्रात न दिसणारी एक गोष्ट मात्र उरते, ती म्हणजे गुडघ्याच्या दोन्ही अंगांचा ताण, आणि आज मी तिच्याबद्दल बोलणार आहे.

लग्नाच्या मांडवाचा खांब आठवा. दोन्ही बाजूंचे दोर सारखे ताणलेले असतील तर तो सरळ उभा राहतो. एक दोर जास्त आवळला की खांब कलतो. गुडघ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला असेच दोन बंध आहेत, त्यांना आम्ही लिगामेंट म्हणतो. आपल्याकडचे झिजलेले गुडघे बहुतेक आतल्या अंगानं झिजलेले असतात. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात. वर्षानुवर्षं तसंच चालत राहिलं की आतला बंध आखडतो, बाहेरचा सैलावतो. अशा गुडघ्यात कितीही चांगला सांधा बसवला, पण ताण तसाच ठेवला, तर पाय सरळ दिसेल आणि पेशंट मात्र म्हणेल, "आवळल्यासारखं वाटतं," नाहीतर "जिना उतरताना गुडघा दगा देतो."

लंडनचे मायकेल फ्रीमन आणि न्यूयॉर्कचे जॉन इन्सॉल या हाडांच्या शल्यचिकित्सकांनी १९७०च्या दशकातच या ताणावर भर दिला होता. पाय सरळ असो की वाकलेला, हाडांमधली फट दोन्हीकडे सारखी हवी, हे सूत्र तेव्हापासूनचं. हाड कापायला आमच्याकडे मिलिमीटर आणि अंश मोजणारी साधनं आहेत. ताण मात्र हातानं पाहायचा. पाय धरून गुडघा आत-बाहेर हलवायचा, किती उघडतो ते बघायचं आणि "ठीक आहे" म्हणायचं. हा "ठीक आहे" प्रत्येकाचा वेगळा असतो.

इथे सेन्सर येतो. खरी चकती बसवण्याआधी आम्ही चाचणीची चकती घालून बघतोच. तिच्याच आकाराचा, पोटात दाब मोजणारे सेन्सर असलेला तुकडा तिथे सरकवायचा. त्याला वायर नसते. पडद्यावर दोन आकडे उमटतात, एक आतल्या अंगाचा, एक बाहेरच्या. मोजमाप पौंडांत. वाटी जागेवर आणून वरचं आवरण तात्पुरतं बंद करायचं, कारण उघड्या गुडघ्याचा आकडा फसवा असतो. पाय टाचेखाली अलगद तोलायचा. धरणाऱ्यानं थोडा जरी जोर दिला तरी आकडा बदलतो. मग गुडघा १०, ४५ आणि ९० अंशांत वाकवून वाचन घ्यायचं.

समजा, आत ४२ आले आणि बाहेर ११. म्हणजे आतला बंध आखडलाय. आधी हाडाच्या कडेला वाढलेले काटे नीट निघालेत ना, ते बघायचं. पुष्कळदा बंध त्यांच्यावरूनच ताणलेला असतो. मग बोट फिरवून नेमका कुठला पदर तारेसारखा लागतो ते शोधायचं, आणि इंजेक्शनच्या जाड सुईनं त्या पदराला चार-पाच टोचे द्यायचे. गुडघा दोन-चारदा वाकवायचा. थांबायचं. पुन्हा वाचायचं. या कामात घाई करून चालतच नाही, कारण आखडलेला बंध सैल करता येतो, जास्त सैल झालेला पुन्हा आवळता येत नाही. कधी बंधाला हात न लावता हाडच मिलिमीटरभर आणखी कापणं बरं पडतं.

मग याचा फायदा किती? २०१४ साली अमेरिकेतल्या काही रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन बाजूंतला फरक १५ पौंडांच्या, म्हणजे साधारण सात किलोंच्या आत असेल तर गुडघा संतुलित, असं त्यांनी धरलं. वर्षभरानं संतुलित गुडघ्यांचे सुमारे ९७ टक्के रुग्ण समाधानी होते, उरलेल्यांचे ८२ टक्के. आकडे वाचून कुणालाही हुरूप येईल. पण त्यात चिठ्ठी टाकून दोन गट केलेले नव्हते. ज्यांचा ताण जुळलाच नाही त्यांचे गुडघे मुळातच अवघड असू शकतात. २०२२ साली ऑस्ट्रेलियातल्या शल्यचिकित्सकांनी चिठ्ठी टाकून सेन्सरचा आणि हाताचा असे दोन गट केले आणि त्यांची तुलना केली. सेन्सर वापरलेल्या गुडघ्यांचा ताण खरोखरच जास्त सारखा निघाला. पण दोन वर्षांनी दुखणं, चालणं, रोजचं जगणं यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

माझ्या मते यंत्र बरोबर सांगतं, पण कुठला आकडा गाठायचा हे आपल्याला अजून पुरतं उमगलेलं नाही. निरोगी गुडघा वाकवला की बाहेरचं अंग आतल्यापेक्षा थोडं सैलच असतं. निसर्गानंच जिथे दोन बाजू सारख्या ठेवल्या नाहीत, तिथे आपण सारखेपणाचा हट्ट किती धरायचा? शिवाय प्रत्येकाचा गुडघा वेगळा.

म्हणून श्रोतेहो, निव्वळ सेन्सर आहे एवढ्यावर रुग्णालय निवडू नका. तो तुकडा एकाच शस्त्रक्रियेपुरता असतो आणि त्याचा खर्च त्या रुग्णालाच पडतो. डॉक्टरांना सरळ विचारा, "माझ्या गुडघ्याचा ताण तुम्ही कसा तपासणार?" उत्तर हाताचं असो वा यंत्राचं, ते त्यांनी समजावून सांगायला हवं.

मला स्वतःला हे यंत्र आवडतं ते शिकवण्यासाठी. ऑपरेशन थिएटरमधल्या शिकाऊ डॉक्टरांना मी आधी पडद्याकडे पाठ करायला लावतो. गुडघा हलवून बघा आणि सांगा, कुठली बाजू घट्ट, किती घट्ट. ते आकडा बोलतात, मग वळून बघतात. पहिल्या काही वेळा चेहरे पडतात. माझाही पडला होता. हळूहळू बोललेला आकडा आणि दिसलेला आकडा जवळ येऊ लागतात. मग सेन्सर बाहेर काढायचा, कायमची चकती पाटीवर दाबायची, ती खट् करून बसते, आणि आम्ही टाके घालायला घेतो.