बरोबर लिहिलेला नंबर आणि बरोबर माणसाचा नंबर

मंडळी, आयबॅन, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना लागणारा बँक खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर, हाताने तपासून दाखवायचं मी कबूल केलंय आणि ते मी दाखवणार आहे. पण त्याआधी एक हकिकत ऐका. ती ऐकल्याशिवाय हे गणित कुठपर्यंत पुरतं ते कळायचं नाही.

जर्मनीतल्या एका भाषांतरकार बाईंचं मानधन मला पाठवायचं होतं. त्यांचं जुनं बिल हाताशी होतं, त्यावर बावीस अक्षरांचा आयबॅन. मी तो फॉर्मवर उतरवला, दोनदा ताडून पाहिला. काउंटरवरच्या मुलाने तो संगणकात भरला, हिरवी खूण उमटली. ‘‘नंबर बरोबर आहे,’’ तो म्हणाला. मी निर्धास्त घरी आलो. आठ दिवसांनी बाईंचा मेल, पैसे पोचले नाहीत. बँकेत गेलो, तर उत्तर तेच, ‘‘नंबर बरोबर आहे, साहेब.’’ पुढच्या आठवड्यात गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात पैसे माझ्याच खात्यात परत आले, तेही मधल्या बँकांनी आपापले चार्जेस कापून घेतल्यावर. बाईंनी ते खातं केव्हाच बंद केलं होतं. जुन्या बिलावरून नंबर उतरवला ही माझी चूक. पण तीन आठवड्यांत एकानेही मला सांगू नये की ‘बरोबर’ म्हणजे फक्त नीट लिहिलेला? ही गोष्ट मला अजून सलते.

जरा हात वर करा बघू. आयबॅन तपासताना समोरच्या बँकेला विचारलं जातं, असं कोणाकोणाला वाटत होतं? बरेच हात आहेत! अहो, तिथे कोणालाच काही विचारत नाहीत. नंबराला ९७ने भागतात, ठरलेली बाकी आली की झालं, बस. खातं चालू आहे का, कोणाचं आहे, हे त्या भागाकाराला कुठून कळणार? बंद खात्याचा नंबरही ९७ने भागला की तीच बाकी देतो.

आता या नंबराची ठेवण. सुरुवातीला देशाची दोन अक्षरं, मग दोन तपासणी अंक, आणि उरलेला भाग ज्या त्या देशाच्या पद्धतीचा. एकूण मर्यादा ३४ अक्षरांची. नॉर्वेचा नंबर १५ अक्षरांत आटोपतो, माल्टाचा ३१पर्यंत जातो. माल्टाला पैसे पाठवणाऱ्याने फॉर्म भरण्याआधी चहा घेऊन बसावं! पण देशागणिक लांबी ठरलेली असते, म्हणून एक अक्षर गळलं तर नुसतं मोजूनही कळतं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत हे देश आपल्या खात्यांना आयबॅन देत नाहीत. अमेरिकेत बँकेचा नऊ अंकी राउटिंग नंबर आणि खातेक्रमांक वेगवेगळे द्यावे लागतात.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. मग गणित घेऊ या, भराभर लिहून घ्या.

नमुन्यासाठी नेहमी दिला जाणारा जर्मन नंबर घेतो: डीई ८९ ३७०४ ००४४ ०५३२ ०१३० ००. पहिली चार अक्षरं उचलून शेवटी न्यायची. इंग्रजी मुळाक्षरांना ‘ए’ला १०पासून ‘झेड’ला ३५पर्यंत आकडे, म्हणजे डी १३ आणि ई १४. संख्या झाली ३७०४००४४०५३२०१३०००१३१४८९. हिला ९७ने भागायचं. एकदम नको, तुकड्यांनी. ३७०४००४४० ला भागलं, बाकी २३. ती पुढच्या सात अंकांच्या डोक्यावर ठेवली, २३५३२०१३०, बाकी ७०. मग ७०००१३१४८, बाकी ३८. शेवटी ३८९, बाकी १. एक आली की नंबर नीट लिहिलेला. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले, तर बाकी एक येणारच नाही. मात्र वाटेल ते अंक ठोकून दिले, तरी साधारण ९७त एकदा ते खपून जातात.

स्विफ्ट कोडचं, म्हणजे बँक ओळखण्याच्या आंतरराष्ट्रीय कोडचं, एका दमात सांगतो. अक्षरं आठ किंवा अकरा: चार बँकेची, दोन देशाची, दोन ठिकाणाची, आणि अकरा असतील तर शेवटची तीन शाखेची. त्यात तपासणी अंक नसतो. तिथे भागाकार कामाचा नाही, कोड यादीतच शोधावा लागतो. बँकेचं नाव आणि देश जुळतात का, ते डोळ्यांनी पाहायचं.

आणि ज्यासाठी मी उभा राहिलो ते. खातं कोणाचं, हे विचारण्याची सोय आता होऊ लागलीय. युरो वापरणाऱ्या देशांत ९ ऑक्टोबर २०२५पासून युरोतले पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का ते बँकेने फुकट तपासून सांगायचं, असा युरोपीय संघाचा नियम आहे. जिथे ही सोय नाही तिथे पैसे घेणाऱ्यालाच फोन करा, नंबर वाचून घ्या. फोन मात्र तुमच्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर, बिलाबरोबर आलेल्या क्रमांकावर नको. त्या बाईंना मी आता दर वेळी फोन करतो. त्या शेवटचे चार अंक वाचतात, मी आधीचे वाचतो, आणि मगच फॉर्मवर सही करतो.