शिकारीचा परवाना आणि एक शिडी

नमस्कार. आयोजकांनी वीस मिनिटं दिली आहेत आणि पहिल्या रांगेतल्या काकांनी आत्तापासूनच घड्याळ बघायला सुरुवात केली आहे. विषय आहे ‘वायोमिंगमधले शिकारीचे परवाने’, म्हणजे आपल्या कोलोरॅडोच्या शेजारच्या अमेरिकन राज्यातले. मी स्वतः शाकाहारी. ऑफिसातल्या मित्राबरोबर दोनदा एल्कच्या शिकारीला गेलो, तो थर्मास सांभाळायला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. तर परवाना. पण त्याआधी शिडी.

हसू नका. वायोमिंगच्या दक्षिण भागाचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. 1862 पासून सरकारने युनियन पॅसिफिक रेल्वेला रुळांच्या दोन्ही बाजूंना एक सोडून एक असे चौरस मैलाचे तुकडे दिले. एक चौकोन खाजगी, शेजारचा सरकारी. सरकारी चौकोनात शिकारीला मुभा, पण जायचं कसं? दोन सरकारी चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकतात.

तिथल्या कार्बन काउंटीत एल्क माउंटन नावाचा डोंगर आहे. 2021 मध्ये मिझुरी राज्यातले चार शिकारी तिथे आले, खिशात रीतसर परवाने. आदल्या वर्षी त्या कोपऱ्यावर दोन खांब, मध्ये साखळी आणि ‘प्रवेश बंद’च्या पाट्या होत्या. तेव्हा त्यांच्यातले तिघे खांबाला धरून गर्रकन पलीकडे गेले होते. या खेपेला त्यांनी लोखंडी घडीची शिडी बनवून आणली. एका सरकारी चौकोनातून चढायचं, दुसऱ्यात उतरायचं. खाजगी मातीला बोटसुद्धा लावलं नाही.

खाजगी चौकोनांच्या मालकाचं म्हणणं, मातीला नाही, पण माझ्या हवेला लागलं! फौजदारी खटला झाला. एप्रिल 2022 मध्ये ज्यूरीने चौघांना निर्दोष सोडलं. दरम्यान मालकाने दिवाणी दावाही लावला होता: जमिनीची किंमत सत्तर लाख डॉलरच्या वर घसरली म्हणे. माझ्या आजोबांनी बांधापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, पण तो बांध निदान वीतभर होता हो! इथे भांडण भूमितीतल्या बिंदूवर. लांबी नाही, रुंदी नाही.

दिवाणी दाव्याचं अपील आलं आपल्याच डेन्व्हरच्या फेडरल कोर्टात. मार्च 2025 मध्ये शिकारी जिंकले, आणि कशाच्या जोरावर, तर 1885 च्या कायद्याच्या. सरकारी जमिनीला कुंपणं घालणाऱ्या गुरांच्या धनदांडग्यांना आवरायला केलेला कायदा! ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. म्हणजे कोलोरॅडोतही आता...

पाच मिनिटं? बरं, भराभर सांगतो.

परवाना जनावराचा मिळतो, जमिनीचा नाही, हा माझा मुद्दा. वन्यप्राणी जनतेचे, राज्य त्यांचं विश्वस्त. म्हणून म्हाडासारखी सोडत निघते. बाहेरच्या राज्यातल्यांचे एल्कचे अर्ज थंडीत, शिकार पानगळीत. त्यांचा नंबर लागला नाही तर पुढच्या सोडतीसाठी गुण विकत घेता येतात. 1 जानेवारी 1966 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा हवा. मांस वाया घालवणं गुन्हा, विकणंही गुन्हा. परवान्याला एक कूपन असतं. त्यावर छापलेले महिना आणि तारीख कापून काढायचे, सही करायची आणि जागा सोडण्याआधी ते जनावराला लावायचं. मित्राची बोटं रक्ताने चिकट, थंडीने बधिर झालेली, तो चाकूच्या टोकाने तेवढाच चौकोन कापतोय आणि मी टॉर्च धरलाय. पैशांचं म्हणाल तर परवान्याची फी आहेच, शिवाय 1937 पासून बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा वाटा वन्यजीवांसाठी राज्यांना मिळतो.

आणि तक्रार. वायोमिंगच्या ‘विल्डरनेस’ म्हणजे केंद्राने कायद्याने राखलेल्या रानात बाहेरच्या राज्यातल्याला एल्क मारायचा तर पगारी गाइड तरी हवा, नाहीतर फुकट परमिट काढलेला स्थानिक रहिवासी तरी. तोच माणूस बंदूक घरी ठेवून नुसता तंबू घेऊन गेला, की एकटा चालतो! बंदूक हातात आली की रस्ता चुकतो वाटतं. हा नियम एल्कच्या नाही, गाइडांच्या पोटासाठी आहे आणि... हो, काका, दिसलं. चहा गार होतोय. थांबतो.