वारा सरला का?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या सर्जिकल वॉर्डात सकाळी डॉक्टरांचा राउंड आला, की पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला ठरलेला प्रश्न असतो, "गॅस पास झाला का?" पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या आजीला ते काही उमगत नाही. मग मी मोठ्यानं विचारते, "आजी, वारा सरला का, वारा?" अख्खा वॉर्ड हसतो, आजी पदर तोंडाला लावते. पण त्या वाऱ्याची वाट आम्ही सगळेच बघत असतो.

भूल आणि आतड्याची हाताळणी यामुळे पोटाचं काम काही काळ थबकतं. छोटं आतडं काही तासांतच हलू लागतं. जठराला एखाद-दोन दिवस लागतात. मोठं आतडं सगळ्यांत आळशी, ते दोन-तीन दिवस घेतं. वारा सरला म्हणजे वरपासून खालपर्यंत रस्ता मोकळा झाला. उलट पोट नगाऱ्यासारखं फुगलं, हिरव्या उलट्या सुरू झाल्या, तर नाकातून नळी घालून साचलेलं पाणी काढावं लागतं.

नाशिकमध्ये नर्सचं काम करता करता माझी सव्वीस वर्षं गेली. सगळ्यांत जास्त वाद मी घातला असेल तो डब्यावरून. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी एका आईनं मुलाला चोरून चहा-बिस्किट दिलं. ट्रॉली थिएटरच्या दारात पोचली तेव्हा पोरगंच बोललं, "चहा घेतलाय थोडा." ऑपरेशन पुढं ढकललं. माउली माझ्यावरच चिडली, "एवढ्याशा चहानं काय होतं?" होतं असं, की भुलीत खोकण्याची-गिळण्याची शुद्ध राहत नाही. पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. म्हणून ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी साधारण सहा तास खाणं बंद, आणि दोन तास आधीपासून साधं पाणीही बंद. दुधाचा चहा पाण्यात धरायचा नाही, तो सहा तासांतच मोजायचा. तुमच्या पेशंटची वेळ मात्र भूलतज्ज्ञ सांगतील तीच.

ऑपरेशननंतरचे नियम माझ्या डोळ्यांदेखत बदलले. मी नवी होते तेव्हा आतड्याचं ऑपरेशन म्हटलं की चार-पाच दिवस तोंड बंद, नुसतं सलाईन. पेशंट ओठांवर ओला कापूस फिरवून घ्यायचे. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं, की लवकर घोट-घोट पाणी दिलं, लवकर उठवलं, दुखणं नीट आवरलं, तर माणूस लवकर सावरतो. आता कितीतरी पेशंटना त्याच संध्याकाळी पाणी मिळतं. काही डॉक्टर च्युइंगमसुद्धा चघळायला सांगतात! मला आधी हा पोरखेळ वाटला होता. पण चघळल्यानं आतड्याला वाटतं जेवण येतंय, आणि ते कामाला लागतं. पण म्हणून शेजारच्या खाटेवर पेज सुरू झाली तर लगेच आपल्याही माणसाला भरवू नका. त्याचं अपेंडिक्स असेल, तुमच्या माणसाचा आतड्याचा जोड असेल. आधी विचारा. नागलीची पेज कुठं पळून जात नाही.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक म्हातारे बाबा होते. उठवायला गेलं की कळवळायचे. मला दया आली, म्हटलं राहू दे, उद्या उठवू. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला, छातीत कफ दाटला. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि कफ तिथंच साचतो. पडून राहिल्यानं पायांत रक्ताच्या गुठळ्याही होतात. बाबा बरे झाले, पण तेव्हापासून मी कुणाची गय करत नाही. उशी पोटाशी घट्ट धरायची आणि खोकायचं, टाक्यांना आधार मिळतो. तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र टेबलाच्या शोभेला नसतं. तोंडात धरून श्वास आत ओढायचा, चेंडू वर उचलायचे. खाटेवर असताना पाऊल वर-खाली हलवत राहायचं.

दुर्बिणीनं पित्ताशय काढलेल्यांचं वेगळंच. आपल्याकडे हे ऑपरेशन १९९० साली मुंबईत डॉ. तेहेम्तन उदवाडिया यांनी सुरू केलं, आणि आता पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातो. पण रात्री तो घाबरून बेल वाजवतो, "सिस्टर, ऑपरेशन पोटाचं, खांदा का दुखतोय?" पोटात भरलेल्या वायूनं छातीखालचा पडदा चाळवला जातो, आणि त्याची कळ खांद्यात उमटते. दोन-तीन दिवसांत जाते. मात्र छातीत दुखलं, दम लागला, तर ते खांद्यावर ढकलू नका, लगेच सांगा.

मागे निफाडकडचा एक बागायतदार होता. आतड्याला छिद्र पडलं होतं, जीव वाचवायला छोट्या आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावली. गडी तिकडं बघेचना. बायकोलाही बघू देईना. चार दिवस मीच पिशवी बदलली. पाचव्या दिवशी त्याच्या हातात कात्री दिली. पिशवीच्या चिकट चकतीला आतड्याच्या तोंडाएवढं भोक पाडायचं असतं, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोठं. जास्त मोठं झालं की मळ कातडीला लागतो आणि कातडी भाजल्यासारखी सोलते. द्राक्षघडांची विरळणी करणारा हात तो! असा गोल कापला की मला आयुष्यात जमला नाही. मग त्यानं पहिल्यांदा खाली बघितलं. लालबुंद, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखं. बोट लावलं. "दुखत नाही की!" दुखत नाहीच, तिथं कळ कळणाऱ्या नसा नसतात.

त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. रंग लालच हवा. काळा-जांभळा पडला तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठायचा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. मळ पातळ असतो, अंगातलं पाणी-मीठ जातं, म्हणून नुसतं पाणी ढोसायचं नाही, ओआरएस घ्यायचं. आणि जड उचलायचं नाही, बाजूनं हर्निया होतो.

ऐन काढणीत त्याचा फोन आला. "सिस्टर, द्राक्षांचं क्रेट उचलू का?"

"किती आठवडे झाले?"

"चार."

"मग नाही."

"अर्धं भरलेलं?"

"रिकामंसुद्धा तुमच्या मुलाला उचलू द्या," म्हटलं आणि फोन ठेवला. नमस्कार.